"नुस्तं भाड्यानं द्या" म्हणणाऱ्यापासून सावध!

सोलापूर जिल्ह्यात रस्त्यांची कामं जोरात झाली. पुण्याकडचा, विजापूरकडचा, हैदराबादकडचा, सगळे हमरस्ते रुंद झाले. रस्ता म्हटला की खडी आली, मुरूम आला, डांबर आलं. हे सगळं ठेवायला, फोडायला, कालवायला ठेकेदाराला जागा लागते. डंपर, जेसीबी उभे करायला जागा लागते. कॅनॉलखालची बागायत त्याला परवडत नाही. मग त्याची नजर माळाकडं वळते. आणि माळावर कोण राहतंय? आपण राहतोय.

एक दिवस वस्तीवर जीप येते. "मामा, जमीन विकू नका, नुस्तं भाड्यानं द्या. अकरा महिन्याचा कागद करू. पोराला डंपरवर घेतो." घरात कुणाचं लग्न असतंय, कुणाचा दवाखाना असतोय. स्टॅम्प पेपर पुढं येतो, अंगठा उठतो. दोन वर्षांनी माळाला खड्डा पडलेला असतो, विहिरीत धूळ असते, आणि तलाठी दारात नोटीस घेऊन उभा असतो. नोटीस ठेकेदाराला नसते. ती आपल्या नावावर असते, कारण सात-बारा आपल्या नावावर असतो.

शेतजमिनीवर ठेकेदारीचा धंदा चालतो का, त्याला कुणाची परवानगी लागते, ग्रामपंचायतीनं ना हरकत दिली म्हणजे झालं का, असे प्रश्न वस्त्यावस्त्यांवर विचारले जातात. म्हणून या वेळचं संपादकीय याच विषयावर आहे. कायदा थोडा किचकट आहे. चार माणसांत बसून, ज्याला वाचता येतं त्यानं मोठ्यानं वाचून दाखवावं.

शेतजमीन शेतीसाठी

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हा मुख्य कायदा. त्याचं कलम 42 सांगतं की शेतीची जमीन परवानगीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची नाही. यालाच आपण एन.ए. म्हणतो. शेतातलं राहतं घर, गोठा, अवजाराची खोली ही शेतघरं धरली जातात. शहराजवळच्या पट्ट्यात त्यालाही विचारून घ्यावं लागतं, पण एरवी शेतकऱ्याला ती मुभा आहे. आपला ट्रॅक्टर आपल्या छपरात उभा केला तर कुणी बोट दाखवू शकत नाही. पण त्याच रानात दहा डंपर लागले, वाळूचा ढीग पडला, डांबर प्लँट उभा राहिला, खडी क्रशर सुरू झाला, की ती शेती राहत नाही. तिथं एन.ए. लागतं.

एन.ए.चा अर्ज कलम 44 खाली कलेक्टरकडं जातो. यातली एक गोम सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. अर्जाची पोच दिल्यापासून 90 दिवसांत कलेक्टर कचेरीनं काहीच कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. म्हणजे साहेब गप्प बसले तरी ठेकेदाराचं काम होतं. आपण गप्प बसलो तर मग बघायलाच नको.

कारखानदारीला आधी परवानगी न घेता जमीन वापरता यावी म्हणून 44-अ हे कलम घातलेलं आहे. ठेकेदार त्याच्याकडं बोट दाखवतो. पण त्यालाही अटी आहेत. जमिनीचा मालकी हक्क स्वच्छ पाहिजे, जायला रस्ता पाहिजे, तिथल्या आराखड्यात त्या वापराला मनाई नको. आणि वापर सुरू केला की 30 दिवसांत महसूल खात्याला कळवावं लागतं. आदिवासीच्या जमिनीवर अकरा महिन्याच्या नोटरी कागदानं बसलेल्या माणसाचा हक्क स्वच्छ कसा?

शिवाय खडी, मुरूम, माती हे गौण खनिज. ते काढायला कलम 48 खाली वेगळी परवानगी लागते आणि ब्रासवर स्वामित्वधन भरावं लागतं. खाण उघडायला पर्यावरणाची मंजुरी पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं 27 फेब्रुवारी 2012 च्या निकालात सांगितलं आहे. पाच हेक्टरपेक्षा लहान खाणसुद्धा त्यातून सुटलेली नाही. हे सगळे कागद वेगवेगळे आहेत. एक दाखवून दुसरा असल्याचं सांगणारा माणूस फसवतोय असं समजा. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे एन.ए. नव्हे, आणि एन.ए. म्हणजे खाणीचा परवाना नव्हे.

भाडेपट्टा म्हणजे हस्तांतरणच

आता आपल्या खास हक्काचं. कलम 36-अ सांगतं की आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडं विक्रीनं, बक्षिसानं, अदलाबदलीनं, गहाणानं किंवा भाडेपट्ट्यानं जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतचं गहाण किंवा भाडेपट्टा असेल तर कलेक्टरची आधी मंजुरी पाहिजे. बाकी सगळ्याला त्याच्यावर राज्य सरकारचीही मान्यता पाहिजे. अर्ज घेणाऱ्यानं करायचा असतो. 1974 च्या दुरुस्तीनं हे कलम आलं. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की आपल्या जमिनी खरेदीखतानं कमी आणि "नुस्तं भाड्यानं" म्हणत जास्त गेल्या. म्हणून त्यांनी भाडेपट्टा हा शब्द मुद्दाम घातला. कागद अकरा महिन्याचा केला, नोटरी केला, नाव "संमतीपत्र" ठेवलं, तरी काही फरक पडत नाही.

काही जण सांगतात, "सोलापूर अनुसूचित क्षेत्रात नाही, तुम्हाला आदिवासी कायदे लागू नाहीत." यात अर्धं खरं आहे. 1996 चा पेसा कायदा फक्त अनुसूचित क्षेत्राला आहे आणि सोलापूर त्यात नाही. पण 36-अ सगळ्या राज्याला आहे. 2006 चा वनहक्क कायदा आदिवासी जिथं वनजमिनीवर आहे तिथं सगळीकडं आहे. फासेपारधी हे अनुसूचित जमातीत आहेत. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय सोलापुरात उगाच उघडलेलं नाही.

गायरानात आणि सरकारी पडीकात ज्यांचं अतिक्रमण नियमित होऊन जमीन मिळाली, त्यांनी तर जास्त जपावं. 28 नोव्हेंबर 1991 च्या सरकारी निर्णयानं 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. अशी मिळालेली जमीन नवीन शर्तीची, वर्ग दोनची असते. परवानगीशिवाय ती दुसऱ्याच्या हाती दिली तर शर्तभंग होतो, आणि शर्तभंग झाला की सरकार जमीन काढून घेऊ शकतं. ठेकेदार खडी घेऊन पुढच्या कामावर जातो. आपली मात्र दहा-वीस वर्षांच्या लढ्यातून मिळालेली जमीन जाते. वनहक्काच्या पट्ट्याचंही तेच. तो वारसाला मिळतो, पण विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. कलम 4(4) नीट वाचा.

वनजमिनीवर तर नाहीच

वनजमीन वनाशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची तर 1980 च्या वन संवर्धन कायद्यानं केंद्र सरकारची मंजुरी लागते. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, रस्ता अशा 13 सोयींसाठी सवलत आहे. ती एका हेक्टरच्या आतली, आणि ग्रामसभेची शिफारस असेल तरच. त्या यादीत क्रशर नाही, डांबर प्लँट नाही, ठेकेदाराचं यार्ड नाही. "रस्ता तुमच्याच गावाचा आहे" असं म्हणून यार्ड आत घुसवू देऊ नका.

आपला माळ माळढोकाचाही आहे. 1979 साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यात मिळून सुमारे 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. गावं, शेतं, बाजार सगळं त्यात आलं. एन.ए. अडली, खरेदी-विक्री अडली, म्हणून शेतकरी आणि पुढारी सगळ्यांनी ओरड केली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. मोठ्यांची अडचण होती म्हणून नकाशा बदलला. त्याच माळावर पिढ्यान् पिढ्या काळवीट, तितर आणि गवत ओळखणाऱ्या माणसांचा हक्क नोंदवायला मात्र नकाशात जागा सापडत नाही.

झोपडीला एक न्याय, क्रशरला दुसरा

खरं दुखणं इथं आहे. परवानगी न घेता एन.ए. वापर केला तर कलम 45 खाली दंड होतो, बांधकाम काढायला सांगता येतं. पण कलम 47 मध्ये तो वापर नियमित करायची वाटही सरकारनं ठेवली आहे. म्हणून ठेकेदार आधी यार्ड टाकतो, मग दंड भरतो, मग नियमित करून मागतो. आणि आपली झोपडी? सुप्रीम कोर्टाचा 28 जानेवारी 2011 चा निकाल आला, त्यावर राज्य सरकारचा 12 जुलै 2011 चा निर्णय आला, आणि गायरानातली अतिक्रमणं काढा असा हुकूम निघाला. त्याच निकालात भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं दिलेल्या जमिनीची गोष्ट वेगळी ठेवलेली आहे, हे कुणी वाचून दाखवत नाही. क्रशर म्हणजे विकास आणि चूल म्हणजे अतिक्रमण, असा हा हिशोब आहे.

1871 च्या कायद्यानं आपल्याला जन्मानं गुन्हेगार ठरवलं. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं. 31 ऑगस्ट 1952 ला त्या कायद्यातून सुटका झाली. कुंपण गेलं, पण उभं राहायला जमीन मिळाली नाही. आज जी थोडी मिळाली आहे ती अकरा महिन्याच्या कागदावर घालवायची नाही.

पोरांनी धंदा करू नये काय?

करावा. ठेकेदारी आपल्या पोरांनी करू नये असं संघटनेचं म्हणणं नाही. सरकारी लहान कामांत मजूर सहकारी संस्थांसाठी वाटा ठरलेला आहे. पुष्कळ संस्थांत मजूर कागदावर आणि मलई दुसऱ्याच्या ताटात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपली संस्था काढायची तर सभासद खरे राबणारे पाहिजेत. यार्डाला जागा ग्रामसभेत ठरवून, एन.ए. करून घ्यावी. वस्तीच्या आणि पाण्याच्या उशाशी यार्ड नको, मग ते आपल्या पोराचं असलं तरी. नियम दुसऱ्याला सांगायचा तर तो आपणही पाळला पाहिजे.

आता काय करायचं

1. माणूस जमीन मागायला आला तर एकट्यानं बोलू नका. वस्ती बसवा. कोऱ्या कागदावर, स्टॅम्पवर अंगठा नको.

2. काम सुरू झालं असेल तर तहसील कचेरीत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना फुकट. एन.ए. आदेश, 36-अ ची मंजुरी, गौण खनिजाचा परवाना, पर्यावरण मंजुरी, प्रत्येकाची नक्कल मागा.

3. एन.ए.चा अर्ज गेल्याचं कळताच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. 90 दिवस मोजत बसू नका. फेरफाराची नोटीस चावडीवर लागली तर 15 दिवसांत हरकत द्यायची असते. चावडीवर जाऊन बघत जा.

4. जमीन आधीच गेली असेल तर ती परत मिळावी म्हणून 36-अ खाली कलेक्टरकडं अर्ज करता येतो. कागद घेऊन संघटनेकडं या. जातीचा दाखला नसेल तर तो आधी काढू.

5. वनहक्क कायद्यात वनगाव, जुनी वस्ती, मोजणी न झालेलं गाव यांनाही गाव धरलं आहे. आपल्या वस्तीची ग्रामसभा भरवा. निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. पाणी कुणाला आणावं लागतं आणि धूळ कुणाच्या भाकरीवर बसते, हे बायाच नीट सांगतील.

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर 2013 साली 12 ग्रामसभांनी मोठ्या कंपनीच्या खाणीला नाही म्हटलं, आणि सरकारला ते ऐकावं लागलं. ती माणसं आपल्यासारखीच होती. त्यांनी ग्रामसभेत बसून नाही म्हटलं आणि ते वहीत लिहून घेतलं.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक वस्तीनं एक ठराव मांडावा: आदिवासीच्या, गायरानाच्या किंवा वनाच्या जमिनीवर कुठलंही यार्ड, क्रशर वा खाण ग्रामसभेला विचारल्याशिवाय सुरू होणार नाही, आणि राहत्या वस्तीचा हक्क नोंदल्याशिवाय एकही झोपडी हलणार नाही. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल वस्तीत ठेवा आणि एक संघटनेकडं पाठवा.