सोप्या प्रश्नाला मूल गप्प का होते?

शाबान आला की मकतबांच्या वार्षिक परीक्षा आणि जलसे सुरू होतात. जोगेश्वरीचे बेहराम बाग असो, अंधेरीची जुहू गल्ली असो की घाटकोपरचे चिराग नगर, थाट एकच. मुले धुतलेल्या कपड्यांत रांगेत बसलेली, बाहेरून आलेले मौलाना परीक्षक, हातात माइक, समोर आईबाप. आणि एखादी नऊ वर्षांची मुलगी, जिने आत्ताच सूरह यासीनचा मोठा भाग न अडखळता म्हटला, ती पैगंबरांच्या (स.) वडिलांचे नाव विचारल्यावर गप्प उभी राहते.

मागून कुणीतरी हसते. ‘इतकेही येत नाही?’ घरी गेल्यावर आणखी एक वाक्य ऐकावे लागते: कब्रीत मुनकर-नकीर विचारतील तेव्हा काय सांगशील? माझी खरी तक्रार या वाक्याविषयी आहे. गुण कमी पडले तर पुढच्या वर्षी भरून काढता येतात. पण आठवले नाही म्हणजे आपले ईमानच कच्चे, असे एकदा मनात बसले की मूल मकतबच्या जिन्यापाशी रेंगाळू लागते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून हे मला थोडे वेगळे दिसते. माहिती साठवायच्या अनेक पद्धती असतात. एका पद्धतीत प्रत्येक कडी फक्त पुढच्या कडीचा पत्ता सांगते, त्यामुळे पाचवी कडी हवी असेल तर पहिलीपासूनच निघावे लागते. आपण मुलांकडून पाठांतर करून घेतो ते असेच. ‘इस्लामचा चौथा स्तंभ कोणता?’ विचारा, मूल बोटांवर शहादापासून मोजायला लागेल. परीक्षकांना कुठूनही कुठेही जाता येते, म्हणून प्रश्न त्यांना सोपा वाटतो. मुलाला मध्येच उतरवले तर त्याला रस्ताच सापडत नाही. याला अज्ञान म्हणता येणार नाही.

त्यात भाषेचा गोंधळ. मूल पाठ करते अरबीत, घरी बोलते कोकणी, मराठी किंवा बंबैया हिंदी, शाळा इंग्रजी. आणि माइकवरून प्रश्न येतो, ‘हुज़ूर के वालिद-ए-माजिद का इस्म-ए-गिरामी क्या है?’ अदब म्हणून भाषा सुंदरच आहे. पण ‘अब्बूंचे नाव काय?’ असे विचारले असते तर ‘अब्दुल्लाह’ हे उत्तर चटकन आले असते. तिला उत्तर येत होते, प्रश्नच ओळखू आला नाही.

उरलेले काम भीती करते. सायन बायलॉक आणि थॉमस कार या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये गणिताच्या प्रश्नांवर दाखवले, की दडपणाखाली घसरण होते ती एकाच वेळी जास्त गोष्टी डोक्यात धरू शकणाऱ्यांची. म्हणजे हुशार मूल गप्प झाले तर नवल नाही.

गंमत अशी, की विसरण्याची सोय आपल्याकडे आधीच आहे. तरावीहमध्ये हाफिजसाहेब एखाद्या आयतीवर अडकले तर मागचे हाफिज लुक्मा देतात, म्हणजे पुढचा शब्द सुचवतात. कुणी हसत नाही, नमाज पुढे चालू राहते. खुद्द पैगंबरांनी (स.) एकदा चार रकातींच्या नमाजेत दोनवरच सलाम फेरला. जुल-यदैन नावाच्या सहाबींनी विचारले, नमाज कमी झाली की आपण विसरलात? त्यांनी इतरांकडून खात्री केली, उरलेली नमाज पूर्ण केली आणि सहवचे दोन सजदे केले. रागावणे नाही, लाजणे नाही. इमामाला जी सवलत मिळते ती नऊ वर्षांच्या मुलीला का नाही?

‘मग परीक्षाच बंद करायच्या का?’ असे कुणी विचारेल. मुळीच नाही. मुंबईतूनच निघालेल्या दीनियातसारख्या अभ्यासक्रमांनी मकतबला इयत्तावार पुस्तके दिली, हे मोठे काम आहे. मुद्दा परीक्षा घेण्याच्या रीतीचा आहे. २०१५ मध्ये मीरा रोडची सहावीतली एक मुस्लिम मुलगी इस्कॉनच्या गीता स्पर्धेत पहिली आली. ती परीक्षा लेखी होती, आणि तिने अर्थ समजून घेत तयारी केली होती. आपल्या स्वतःच्या किताबासाठी आपण मुलांना एवढीही उसंत देऊ नये?

आणि मुनकर-नकीरची धमकी देणाऱ्यांनी ती हदीस पुढेही वाचावी. तिथे जो नापास होतो तो काय म्हणतो? मला माहीत नाही, लोक म्हणत होते तेच मीही म्हणत होतो. म्हणजे तिथे अडकतो तो, ज्याने न समजता लोकांची री ओढली. आपल्या मकतबमध्ये नेमकी तीच री पहिल्या नंबरचे बक्षीस घेऊन जाते.

येत्या शाबानआधी आपापल्या मशिदीच्या ट्रस्टींशी आणि उस्तादांशी एकदा बोला. तोंडी परीक्षा वेगळ्या खोलीत, मुलाच्या ओळखीच्या उस्तादांसमोर व्हावी. प्रश्न घरच्या भाषेत असावा. मूल अडले तर पहिला शब्द सुचवावा आणि त्याचे गुण कापू नयेत. प्रत्येक पाठ केलेल्या सूरहमागे अर्थाचा एक तरी प्रश्न असावा. जलशात मुलांनी नात म्हणावी, बक्षिसे घ्यावीत, बिर्याणी खावी. माइक तेवढ्यासाठी पुरे.