अर्धीच गोष्ट सांगू नका



रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि संसार उधळला, तेव्हा ख्रिस्ती श्रद्धा घर जोडते असे त्यांचे नाव घेऊन सांगू नये, असे गेल्या अंकातील पत्रात म्हटले आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे हाल झाले, हे कोणी नाकारू नये. नवरा हयात असताना त्यांना एकटीने काढावी लागलेली वर्षे भयंकर होती आणि टिळकांचा त्यातला दोष झाकण्याची मला गरज वाटत नाही.

पण पत्रलेखक तिथेच थांबतात. पुढे दोघे पुन्हा एकत्र आले, तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच होत्या. त्यांचे सोवळे होते, खाण्यापिण्याचे निर्बंध होते. टिळकांनी ते सांभाळू दिले. बायकोने आपला धर्म घ्यावा ही तळमळ असूनही सक्ती केली नाही. तापट माणसाला हे किती जड गेले असेल! लक्ष्मीबाईंचे जातीविषयीचे विचार हळूहळू, स्वतःच्या विचारानेच बदलले आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आम्हा ख्रिस्ती कुटुंबांना शिकायचे ते इथे. रविवारी मिस्साला पुढच्या बाकावर बसायचे आणि वाटणीवरून सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे अबोला धरायचा, याला श्रद्धा म्हणत नाहीत. परधर्मीय सुनेला तिची पूजा मोकळेपणाने करता येते का, यावर घराची परीक्षा होते.

पत्रलेखकांनी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

– एक वाचक, वसई