परदेश सहलीचा पहिला दिवस सांभाळा!

युरोप सहलीला निघण्याआधी अनेक ज्येष्ठ मंडळी तपासणीसाठी येतात. स्वेटर, चिवडा, लाडू अशी सगळी तयारी झालेली असते. पहिल्या दिवसाची मात्र नसते.

माझ्या मते सहलीतला सर्वांत जोखमीचा दिवस पहिलाच. मारेगावहून नागपूर, तिथून मुंबई, मग पॅरिसपर्यंत नऊ-दहा तासांचे विमान. आणि उतरल्यावर कित्येकदा थेट बसमधून शहरदर्शन! चार तासांहून अधिक बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणून तासा-दीड तासाने उठून चाला, घोटे हलवा. विमानात झोपेची गोळी नको. लघवीला उठावे लागेल म्हणून पाणी पिणे टाळू नका.

उन्हाळ्यात पॅरिसचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. जेवण लांबले आणि इन्सुलिन नेहमीच्या वेळी घेतले, तर साखर घसरते. त्या दिवसाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. सर्व औषधे हातातल्या बॅगेत ठेवा. विमानाच्या सामानकक्षात इन्सुलिन गोठू शकते.

टूर कंपन्यांनी पहिला अर्धा दिवस विश्रांतीसाठी मोकळा ठेवायलाच हवा. बुकिंग करतानाच तसे विचारा. ग्रुप पुढे निघून जाईल या भीतीने छातीतले दुखणे, धाप किंवा एका पायाची सूज लपवू नका. टूर मॅनेजरला लगेच सांगा. आयफेल टॉवर १८८९ पासून उभा आहे, एक दिवस उशिरा पाहिला तरी चालेल.