नाव सोडा, घराणं विचारा

गाण्यात घराणी असतात तशी कॉकटेलमध्येही असतात, असं म्हटलं तर ग्वाल्हेर-किराण्याचे चाहते भुवया उंचावतील. पण कॉकटेलच्या दुनियेत घराण्यावरून होणारे वाद मैफलीनंतरच्या वादांइतकेच रंगतात. मार्गारिटा कुणाची लेक? मोहितोचं कूळ कोणतं? एस्प्रेसो मार्टिनीला ‘मार्टिनी’ हे आडनाव लावायचा हक्क आहे का? अमेरिका-युरोपातले बारटेंडर आणि या विषयावर ग्रंथ लिहिणारे लेखक अशा प्रश्नांवर तावातावाने भांडतात.

ज्यांचा दारूच्या थेंबाशीही संबंध नाही, त्यांनी हे कशाला वाचायचं? कारण सोपं आहे. वाढदिवसाला सहकुटुंब हॉटेलात गेलं, लग्नाच्या रिसेप्शनला गेलं, की हल्ली ही नावं समोर येतातच. कार्डावर चाळीस नावं असली, तरी त्यामागची घराणी जेमतेम पाच-सहा असतात. घराणं कळलं की ग्लासात मद्य किती, ते चवीला जाणवेल की लपून राहील आणि ते वगळलं तर मागे काय उरेल, याचा अंदाज येतो. नावावरून मात्र यातलं काहीच कळत नाही.

एका शाखेचं नाव साऱ्या कुळाला

गंमत म्हणजे कॉकटेल हे एकेकाळी सगळ्या मिश्र पेयांचं नाव नव्हतंच. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या ‘द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी’ या वृत्तपत्राला एका वाचकाने विचारलं, कॉकटेल म्हणजे नेमकं काय? संपादकांनी उत्तर दिलं, कोणतंही कडक मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स यांचं मिश्रण. बिटर्स म्हणजे झाडांच्या साली, मुळं, मसाले मद्यात मुरवून काढलेला कडू अर्क. तो थेंबाथेंबानेच घालतात. व्याख्या इतकी नेमकी होती की लिंबू पिळलं तरी ते पेय कॉकटेल ठरलं नसतं.

१८६२ मध्ये जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरने पेयं बनवण्याचं पुस्तक काढलं. त्यात पंच, ज्युलेप, सावर, स्लिंग, टॉडी, फ्लिप असे वेगवेगळे विभाग होते आणि कॉकटेल हा त्यातला एक छोटा विभाग होता. पुढे या धाकट्या शाखेचं नावच साऱ्या कुळाला चिकटलं. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला सर्रास ‘डालडा’ म्हणत, तसाच हा प्रकार. कॉकटेलमध्ये नाना लिक्युअर, म्हणजे गोड सुगंधी मद्यं, पडू लागली तेव्हा काही गिऱ्हाइकं कंटाळली आणि १८८०च्या दशकात ‘आपलं ते जुन्या पद्धतीचंच द्या’ असं सांगू लागली. तेच आजचं ‘ओल्ड फॅशन्ड’. व्हिस्की, साखर, बिटर्स आणि थोडं पाणी, म्हणजे १८०६ची व्याख्याच ग्लासात ओतलेली.

गोव्याची अ‍ॅरक आणि पाचाचा पंच

या वंशावळीची एक मुळी आपल्या किनाऱ्यापर्यंत येते. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७०च्या दशकात मुंबई, सुरत, गोवा भागात फिरला. १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने लिहिलं, की या किनाऱ्यावरचे इंग्रज गोव्याच्या अ‍ॅरकपासून ‘पंच’ नावाचं पेय करतात आणि पाच जिन्नस असल्यामुळे त्याला हे नाव पडलं. मद्य, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला हे ते पारंपरिक पाच जिन्नस.

पंच हा शब्द आपल्या ‘पाच’वरूनच आला का, याबद्दल भाषेच्या अभ्यासकांत एकमत नाही. मात्र इंग्रजीतला त्याचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १६३२ सालचा आहे आणि तोही हिंदुस्थानातल्या कंपनीच्या माणसांच्या पत्रव्यवहारातला. शब्दाचं काहीही असो, पेयाचं नातं स्पष्ट आहे. मोठ्या भांड्यात चारचौघांसाठी होणारा पंच एका ग्लासापुरता केला की होतो ‘सावर’. मद्य, आंबट आणि गोड. त्यातलं मद्य काढून पाणी वाढवलं, की उरतं ते आपलं लिंबाचं सरबत! आंबट-गोडाचा तोल साधायचा कसा, हे शिकायला मराठी गृहिणीला कुठल्याही बारमध्ये जायची गरज नाही. ती उन्हाळाभर पन्हं आणि कोकम सरबत करताना तेच करत असते.

दोन, सहा की डझनावारी?

घराणी एकूण किती, यावरच पहिला वाद आहे. डेव्हिड एम्बरी हे व्यवसायाने वकील, बारटेंडर नव्हेत. १९४८च्या आपल्या ग्रंथात त्यांनी वकिली थाटात सगळा पसारा दोन गटांत बसवला. एक सुगंधी गट, म्हणजे मद्याला व्हरमूथ किंवा बिटर्सची जोड, आणि दुसरा आंबट गट. आंबट गटासाठी त्यांचं प्रमाणही ठरलेलं होतं. आठ भाग मद्य, दोन भाग लिंबू आणि एक भाग गोड. आजच्या जिभेला हे मिश्रण फारच कडक लागतं.

गॅरी रीगन यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात उलट वाट धरली आणि बारीकसारीक फरक पाहून भरपूर घराणी पाडली. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशन ही १९५१ साली स्थापन झालेली संघटना तर आपली यादी कृतीनुसार नव्हे, काळानुसार लावते. जुनी अविस्मरणीय पेयं एकीकडे, नव्या जमान्यातली दुसरीकडे.

२०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘डेथ अँड कंपनी’ या बारशी संबंधित अ‍ॅलेक्स डे, निक फॉशाल्ड आणि डेव्हिड कॅप्लन यांनी ‘कॉकटेल कोडेक्स’ या पुस्तकात सहा मूळपुरुष मानले. ओल्ड फॅशन्डमध्ये मद्यच नायक असतं, गोड आणि कडू केवळ साथीला. मार्टिनीत मद्याच्या जोडीला व्हरमूथ, म्हणजे वनौषधी घातलेली वाइन. डायकिरीत रम, लिंबू आणि साखर. साइडकारमध्ये ब्रँडी आणि लिंबू असतं, पण गोडीसाठी साखरेऐवजी संत्र्याचं लिक्युअर. हायबॉल म्हणजे मद्य आणि त्याहून बरंच जास्त सोडा किंवा शीतपेय. आणि फ्लिप म्हणजे अंडं किंवा साय घातलेलं दाट पेय.

ही यादी कामाची आहे. गोव्यात काजूच्या हंगामात उर्राकमध्ये लिम्का, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. त्याची कृती कुणी पुस्तकात पाहून केलेली नाही, पण घराणं विचारलं तर सरळ हायबॉल.

कुळाचे वाद

आता खरी जुंपते ती इथे. मार्गारिटात ५० मिली टकीला, २० मिली संत्र्याचं लिक्युअर आणि १५ मिली लिंबाचा रस असतो. टकीलाच्या जागी ब्रँडी घाला, प्रमाण जरासं बदला, झालं साइडकार. म्हणून ‘कोडेक्स’वाल्यांनी तिला साइडकारच्या घरात टाकलं. रीगन यांनी या दोघींना ‘न्यू ऑर्लिन्स सावर’ म्हटलं, कारण एकोणिसाव्या शतकात न्यू ऑर्लिन्सच्या जोसेफ सँतिनी याने केलेल्या ‘क्रुस्टा’ या पेयात त्यांना दोघींचं मूळ दिसलं. तिसरा पक्ष म्हणतो, अहो, स्पॅनिशमध्ये ‘मार्गारिटा’ म्हणजे डेझीचं फूल आणि डेझी नावाचं जुनं घराणं आहेच की! एम्बरींना विचारलं तर ते म्हणतील, कशाला भांडता, सगळ्या आंबट गटातल्याच.

यातलं कुणीच चुकलेलं नाही. एकजण रचना पाहतो, दुसरा इतिहास, तिसरा नाव. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं.

मोहितोचं तर त्रांगडंच आहे. क्युबाच्या या पेयात पुदिना आहे म्हणून ते ज्युलेप म्हणावं, तर ज्युलेपमध्ये लिंबू नसतं. रम, लिंबू, साखर आहे म्हणून डायकिरी म्हणावं, तर वर सोडा आहे. सावरमध्ये सोडा घातला की त्याला कॉलिन्स म्हणतात, म्हणून ते कॉलिन्स म्हणावं, तर पुदिन्याशिवाय मोहितोला मोहितो म्हणणार कोण? निवाडा करायची एक साधी रीत आहे. एकेक जिन्नस काढून पाहायचा. पुदिना काढला तरी पेय उभं राहतं. लिंबू काढलं तर कोसळतं. म्हणजे कणा आंबट-गोडाचा, पुदिना हा दागिना. मोहितोचं माहेर सावरच्याच घरात.

हीच कसोटी एस्प्रेसो मार्टिनीला लावली तर ते आडनाव टिकत नाही. लंडनच्या डिक ब्रॅडसेल या बारटेंडरने १९८०च्या दशकात ते केलं, तेव्हा त्याचं नाव व्होडका एस्प्रेसो होतं. त्यात जिन नाही की व्हरमूथ नाही. आहे ती व्होडका, कॉफी आणि कॉफीचं लिक्युअर. मार्टिनीचं म्हणावं असं काय, तर तो उंच दांड्याचा त्रिकोणी ग्लास. उसना शेला पांघरून कुणी घराण्याचा वारस होत नाही.

ग्लासात आहे काय?

हा सगळा पंडिती खेळ वाटेल, पण त्याची खरी गरज टेबलाशी बसल्यावर कळते. आपल्याकडे छोटा पेग ३० मिलीचा असतो. टॉम कॉलिन्समध्ये ४५ मिली जिन असते, पण लिंबू, साखर, सोडा आणि बर्फात ती पसरलेली असते. मार्टिनीत ६० मिली जिन आणि १० मिली व्हरमूथ असतं, त्यात पाणी काय ते वितळलेल्या बर्फाचं. ग्लास लहान, पण मद्य जास्त. मात्र मार्टिनी निदान लपवत तरी नाही, पहिल्या घोटालाच ती आपली ताकद सांगते.

फसवतात ते आंबट-गोड आणि दाट घराण्यांतले. लाँग आयलंड आइस्ड टी या नावात चहा आहे, ग्लासात नाही. व्होडका, जिन, रम, टकीला आणि संत्र्याचं लिक्युअर प्रत्येकी १५ मिली, म्हणजे ७५ मिली, अर्थात अडीच छोटे पेग. वरून लिंबू, साखरपाक आणि चहाच्या रंगापुरता कोला. पिना कोलाडात अननस आणि नारळाच्या गोडीखाली ५० मिली रम असते आणि चव मिल्कशेकची. ‘हे काही चढत नाही’ म्हणत दुसरा ग्लास मागवणारा पाहुणा पहिल्याचा हिशेब विसरलेला असतो. अशाने गाडीची किल्ली हातात घेऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

न पिणाऱ्यांनाही घराण्याचा उपयोग आहे. सावर, हायबॉल, फ्लिप ही घराणी मद्याशिवायही उभी राहतात, कारण त्यांचा तोल लिंबू, साखर, सोडा आणि साय यांनी सांभाळलेला असतो. म्हणून व्हर्जिन मोहितो किंवा व्हर्जिन कोलाडा चवीला पुरे वाटतात. ओल्ड फॅशन्ड आणि मार्टिनीतून मद्य काढलं तर उरतो तो सजावटीचा ऑलिव्ह नाही तर संत्र्याची साल. तेव्हा कार्डावर या घराण्यांचं ‘मॉकटेल’ दिसलं तर त्यात नेमकं काय घातलंय, हे विचारून घ्यावं.

एक बारकावाही लक्षात ठेवायला हवा. सोड्यात दोन-चार थेंब बिटर्स घातलेलं पेय पुष्कळदा बिनमद्याचं समजलं जातं. पण अँगोस्टुरा या प्रसिद्ध बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. थेंबच असले तरी औषधपाण्यामुळे, धर्मामुळे किंवा व्रत म्हणून जो मद्य वर्ज्य करतो, त्याला ते सांगायलाच हवं. त्याने प्यावं की नाही, हे मग त्याचं त्याने ठरवावं.

म्हणून पुढच्या वेळी कार्डावर एखादं भारदस्त नाव दिसलं, तर वेटरला तीन प्रश्न विचारावेत. यात मद्य कोणतं आणि किती मिली? गोडी साखरेची की लिक्युअरची? आणि वरून काय ओतलंय, सोडा, रस की साय? तीन उत्तरं मिळाली की घराणं आपोआप कळतं. घराणं कळल्यावर ते पेय घ्यायचं, अर्धंच घ्यायचं की सरळ ताजं लिंबू सरबत मागवायचं, हे ठरवणं अवघड नाही. सावरच्या घराण्यातलं सगळ्यांत निरुपद्रवी पेय तेच!