पडदा गाडीचा असावा, नकाशा चालकाच्या पसंतीचा



मोटारसायकलच्या मीटरशेजारी कारखान्यातच बसवून दिलेला मार्गदर्शक पडदा बंद ठेवून हँडलवर मोबाइल होल्डर लावणारे चालक आता शहरांत आणि महामार्गांवर सर्रास दिसतात. त्यांच्या या निवडीला केवळ हौस किंवा बेशिस्त ठरवणे अन्यायाचे आहे, कारण मूळ यंत्रणा सोडून देण्यामागची त्यांची कारणे बहुतांशी खरी आहेत. मात्र तिच्या जागी उघडा फोन हँडलला आवळणे हा त्यावरचा योग्य उपाय नाही, आणि ही दोन्ही विधाने एकाच वेळी मान्य केल्याशिवाय या प्रश्नाची चर्चा पुढे सरकणार नाही.

वाट दाखवण्याच्या यंत्रणेत तीन कामे एकत्र आलेली असतात: गाडी कोठे आहे हे ओळखणे, नकाशावरून मार्ग ठरवणे आणि तो चालकाला दाखवणे. पहिले काम किमान चार उपग्रहांचे संदेश पकडून होते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. त्यामुळे घाटात मोबाइलची रेंज गेली तरी आधी उतरवून ठेवलेल्या नकाशावर गाडीचे स्थान दिसत राहते. अडचण दुसऱ्या कामात आहे. होंडाने 2006 च्या गोल्ड विंग मोटारसायकलमध्ये दिली तशी जुनी यंत्रणा नकाशा स्वतःच्या स्मृतीत साठवत असे, आणि नीट राखलेली मोटारसायकल दीड-दोन दशके चालत असली तरी नकाशा मात्र दोन-चार वर्षांतच शिळा होतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि शेवटचा 5 जून 2025 रोजी. मधल्या अडीच वर्षांत साठवलेला नकाशा पुन्हा पुन्हा अपुरा ठरला असता. शिवाय हा महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर दुचाकींना मनाई असल्यामुळे, रस्ता तयार झाला आहे एवढे कळून नकाशाचे भागत नाही, तो दुचाकीला बंद आहे हेही त्याला ठाऊक असावे लागते. गूगलने डिसेंबर 2017 मध्ये भारतात दुचाकीसाठी वेगळा मार्ग सुचवण्याची सोय सुरू केली, तेव्हापासून या बाबतीत फोनचे पारडे जड झाले आणि ते योग्यच होते.

भारतीय बाजारातील बऱ्याच गाड्यांत तर मूळ यंत्रणा आणि फोन ही स्पर्धाच मुळात खरी नाही. रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर 2020 मध्ये मीटिऑर 350 बरोबर आणलेला ट्रिपर हा लहान गोल पडदा वळणाचा बाण आणि पुढच्या वळणापर्यंतचे अंतर दाखवतो, पण मार्ग ठरवण्याचे काम चालकाच्या खिशातील फोनच करतो आणि ब्लूटूथने, म्हणजे जवळच्या अंतरावरील बिनतारी जोडणीने, कंपनीच्या ॲपमधून तो मार्ग पडद्यापर्यंत पोहोचवतो. पुढे 2023 मध्ये आलेल्या नव्या हिमालयनच्या गोल पडद्यावर संपूर्ण नकाशा दिसू लागला, तरी त्याचा उगम फोनमध्येच राहिला. ही रचना मुळात शहाणपणाची आहे, कारण तीत नकाशा ताजा राहतो आणि फोन सुरक्षित राहतो. तिचे वैगुण्य एवढेच की पडद्यापर्यंत जाणारी वाट उत्पादकाच्या ॲपमधूनच जाते. ते ॲप अडखळले, नव्या फोनशी जुळेनासे झाले किंवा काही वर्षांनी सांभाळले गेले नाही, तर पैसे मोजून घेतलेला धडधाकट पडदा निरुपयोगी होतो आणि चालक बाजारातून दोन-चारशे रुपयांचा होल्डर आणतो. घरपोच खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या कामगाराला तर एवढीही निवड नसते, कारण त्याची ऑर्डर, ग्राहकाचा पत्ता आणि मार्ग हे सारे मालकाच्या ॲपमध्येच असते.

तरीही हँडलवरच्या फोनचे तोटे लहान नाहीत. ॲपलने सप्टेंबर 2021 मध्ये स्वतःच जाहीर केले की मोठ्या शक्तीच्या मोटारसायकल इंजिनांची तीव्र कंपने हँडलमधून थेट फोनपर्यंत पोहोचली तर कॅमेऱ्याची कार्यक्षमता घटू शकते. याचे कारण कॅमेऱ्याच्या रचनेत आहे: हात हलला तरी चित्र स्थिर यावे म्हणून त्याचे भिंग किंवा संवेदक सूक्ष्म चुंबकीय बलाने तोलून धरलेले असते, आणि अखंड थरथरीने नेमका हाच नाजूक तोल बिघडतो. स्कूटर किंवा लहान इंजिनाच्या गाडीवर कंपन शोषणारा होल्डर वापरावा, आणि तोही दीर्घकाळ सतत वापरू नये, असे त्याच सूचनेत म्हटले आहे. त्यात उष्णतेची भर पडते. आयफोन वापरण्यासाठी कंपनीने दिलेली हवेच्या तापमानाची कमाल मर्यादा 35 अंश सेल्सिअस आहे, आणि विदर्भातील मे महिन्याची दुपार ती सहज ओलांडते. अशा वेळी उन्हात तापलेला फोन आपली प्रकाशमानता घटवतो, चार्ज होणे थांबवतो आणि अखेर बंद पडतो. कोकणातल्या पावसात काचेवर पडणारे थेंब बोटाचा स्पर्श समजले जातात, तर साध्या हातमोज्यातील बोट काच ओळखतच नाही.

याहून गंभीर बाब अपघाताची आहे आणि तिची चर्चा फारच कमी होते. गाडी घसरली की हँडलवरचा फोन गाडीबरोबर फरफटतो किंवा निखळून दूर पडतो, म्हणजे 112 या आपत्कालीन क्रमांकाला हाक मारण्याचे साधन नेमके त्या क्षणी जखमी माणसाच्या हाताबाहेर जाते. खिशातील फोन निदान त्याच्याजवळ राहतो. त्यातच फोन हे अनेक कामांचे साधन असल्यामुळे नकाशावर मध्येच संदेश आणि कॉल उमटतात. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे 33 मीटर पुढे जाते आणि तेवढे अंतर तो संदेश वाचणारा चालक रस्ता न पाहता कापतो.

कायद्याने या बाबतीत अर्धवट उत्तर दिले आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 184 नुसार वाहन चालवताना हाती धरायच्या संपर्क साधनाचा वापर हा धोकादायक वाहनचालनाचा प्रकार मानला जातो, परंतु केंद्रीय नियमांत 1 ऑक्टोबर 2020 पासून केवळ मार्गदर्शनासाठी, चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने, त्याला मुभा देण्यात आली. एकाग्रता न भंगणारी रीत कोणती, हे नियम सांगत नाही, आणि त्याचा निर्णय चौकातील पोलिसाच्या मर्जीवर सोडणे कोणाच्याच हिताचे नाही.

यातून बाहेर पडण्याचा मार्ग तंत्रज्ञानाने आधीच दाखवला आहे. गोल्ड विंगच्या 2018 च्या आवृत्तीत ॲपलचे कारप्ले आणि 2020 मध्ये अँड्रॉइड ऑटो आले, म्हणजे फोनवरील परिचित नकाशा गाडीच्या पडद्यावर उमटू लागला आणि फोन आत ठेवता आला. ही सोय महागड्या गाडीची मक्तेदारी राहू नये. पडद्याची किंमत ग्राहकाकडून घेणाऱ्या प्रत्येक दुचाकी उत्पादकाने तो पडदा चालकाच्या पसंतीच्या नकाशासाठी खुला ठेवावा, आपले ॲप किती वर्षे सांभाळले जाईल हे विक्रीच्या वेळीच लेखी सांगावे, आणि रस्ते वाहतूक मंत्रालयाने होल्डरची जागा, त्याची मजबुती व प्रवासात संदेश दडवण्याची सोय यांबाबत स्पष्ट मानक ठरवावे. तोवर ज्यांना होल्डरवाचून गत्यंतर नाही त्यांनी कंपन शोषणारा होल्डर घ्यावा, जुना फोन हाताशी असल्यास तोच हँडलवर लावावा, मार्ग निघण्यापूर्वीच ठरवावा, संदेश बंद ठेवावेत आणि रोजचा फोन खिशातच ठेवावा.