संगणक म्हातारा नाही, लस बंद झाली आहे

इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या गावातून घरचा संगणक पोत्यात गुंडाळून बारामतीला दुरुस्तीला नेणारा माणूस आणि फाइल काखेत धरून या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरणारा रुग्ण यांची तक्रार एकच असते. खर्च झाला, पण नेमके काय बिघडले ते कोणी सांगितलेच नाही.

‘रॅम वाढवा’ हा सल्ला त्यातला नेहमीचा. माणूस पट्टी विकत आणतो, ती बसत नाही. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, हे त्याला घरी गेल्यावर कळते. मग दुसरा हेलपाटा. पट्टी बसली तरी संगणक रखडतोच, कारण दुखणे बहुतेक वेळा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये असते. ताप आला की गोळी, तसाच हा प्रकार. तपासणी मात्र फुकट आणि दोन मिनिटांची आहे. ‘टास्क मॅनेजर’ उघडावा. मेमरी अर्धी रिकामी आणि डिस्क सतत शंभर टक्के दिसली, तर रॅमवर पैसे घालू नयेत, एसएसडी बसवावी. डिस्क कोण अडवून बसले आहे हेही तिथेच दिसते, आणि पुष्कळदा तो अँटीव्हायरसच निघतो.

त्यातही एकावर एक दोन अँटीव्हायरस असले, तर दोन डॉक्टरांची औषधे एकमेकांना न सांगता घेतल्यासारखे होते. प्रत्येक फाइल दोघेही तपासतात, एकमेकांवर संशय घेतात आणि मालक ताटकळतो. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ आधीपासूनच असतो. घरगुती वापराला बहुधा तो पुरतो. मुदत संपलेला दुसरा अँटीव्हायरस केवळ पैसे मागण्यापुरता ठेवण्यात अर्थ नाही. तो काढून टाकावा.

अँटीव्हायरसपेक्षाही मोठा प्रश्न अपडेटचा आहे. अँटीव्हायरस चोराला ओळखतो, अपडेट भिंतीतले भगदाड बुजवते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतले संगणक बंद पाडले, हजारो रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. ते भगदाड बुजवणारे अपडेट त्याच वर्षी मार्चमध्ये आले होते. लस उपलब्ध होती, टोचली गेली नव्हती.

आता तर लसच थांबली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित अपडेट बंद केली. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सातबारा काढणारा, मुलांच्या प्रवेशाचे अर्ज भरणारा धडधाकट संगणक एका तारखेला भंगार ठरतो. हे अन्यायाचे आहे. याच बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शेतावर मायक्रोसॉफ्टच्या मदतीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालतो. त्याच उसाच्या मालकाच्या घरातील संगणकाला मात्र कंपनी ‘नवा घ्या’ म्हणते! घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली गेली. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्ज साठवल्या तर ती विनामूल्य. पण किती दुकानदारांनी गिऱ्हाइकाला ती सांगितली असेल? नवा संगणक विकण्यात जे मिळते ते यात मिळत नाही.

ज्याला केवळ इंटरनेट आणि टंकलेखन हवे, त्याने जुन्या यंत्रावर लिनक्स बसवून घ्यावे. त्याआधी फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि ती डिस्क संगणकापासून वेगळी ठेवावी. पडदा लाल होऊन ‘व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असे दिसले, तर फोन करू नये. तो भोंदू वैद्य आहे. केला असेल आणि पैसे गेले असतील, तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी; उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात.