काडतुसाची पुंगळी : पितळ, पोलाद आणि स्वस्ताईचा हिशेब

१/ ‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. तारापूर, केळवे-माहीम, वसई हा सारा किनारा दोन शतके त्यांच्या ताब्यात होता. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा कोट घेतला. त्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. पोर्तुगीज गेले, शब्द राहिला. वस्तू मात्र पार बदलली, आणि त्या बदलातच आजच्या एका वादाचे मूळ आहे : पोलादी पुंगळीचे स्वस्त काडतूस विश्वासाचे की नाही?

२/ मूळचे काडतूस म्हणजे कागदात गुंडाळलेली मोजीव दारू आणि शिशाची गोळी. १८५७ मध्ये ज्याच्या चरबीवरून आग भडकली, तेही कागदीच होते. असे काडतूस वाईट निघाले तर एक बार फुकट जाई, एवढेच. भरणारा हात शिपायाचा असल्याने उणीव तो हातानेच सावरून घेई.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागदाची जागा पितळेच्या पुंगळीने घेतली. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, पुढे.३०३ ची असंख्य काडतुसे तेथे घडली. पितळेचा गुण असा की बार होताच पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब ओसरताच आकसून सहज सुटते.

४/ अर्धस्वयंचलित रायफलीत हा गुण निर्णायक ठरतो. रिकामी पुंगळी ओढणे, बाहेर फेकणे, नवे काडतूस चढवणे, ही सारी कामे बाराच्या जोरावर यंत्रच करते. येथे काडतूस हे नुसते खाद्य उरत नाही. तो यंत्राचा एक सुटा भाग होतो. सुटा भाग बदलला की यंत्राची चाल बदलते.

५/ मग पोलाद आले कोठून? तुटवड्यातून. काडतुसाच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे असते. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची ओढाताण सुरू होताच जर्मनीने लॅकर चढवलेल्या पोलादी पुंगळ्या काढल्या. सोव्हिएत रशियाने तोच मार्ग कायमचा पत्करला. श्रीमंत अमेरिकेतही एव्हान्सव्हिल येथे क्रायस्लर कंपनीने .४५ ची पोलादी काडतुसे कोट्यवधींच्या संख्येने बनवली. पोलादी पुंगळी ही केवळ गरिबाची तडजोड होती, हा समज येथेच गळून पडतो.

६/ तिच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. पोलाद पितळेइतके आकसत नाही आणि चेंबरला तितके घट्ट चिकटतही नाही. फटीतून मागे आलेली काजळी आत साचते. शिवाय गंज. बोईसरच्या तार-कारखान्यातील कामगाराला हे सांगावे लागत नाही : आम्लात धुतलेल्या उघड्या पोलादावर वेळीच लेप चढला नाही, तर हवा आपले काम करते. म्हणून पुंगळीवर लॅकर, तांबे, जस्त किंवा पॉलिमर यांचा थर देतात.

७/ रशियनांनी मात्र पुंगळी नुसती बदलली नाही. १९४३ च्या ७.६२×३९ काडतुसाला त्यांनी ठळक निमुळता आकार दिला, त्यामुळे पुंगळी किंचित मागे सरकताच भिंतीपासून मोकळी होते. त्याभोवती उभ्या राहिलेल्या कलाश्निकोव्हला पुंगळी ओढणारा दणकट आकडा आणि क्रोमचा थर दिलेले चेंबर मिळाले. ५.५६×४५ ची पुंगळी जवळजवळ सरळ आहे; पितळ गृहीत धरून आखलेल्या तिच्या रायफलीत पोलाद अडखळले, तर दोष एकट्या पोलादाचा कसा?

८/ व्हिएतनाम हा याचा सर्वांत कडवट धडा आहे. तेथे पुंगळी पितळेचीच होती. एम-१६ साठी काडतुसातील दारूचा प्रकार बदलला. चेंबरला क्रोम नव्हते, साफसफाईचे साहित्यही पुरेसे दिले गेले नव्हते. पुंगळ्या चेंबरमध्ये अडकल्या आणि सैनिक हातात बंद पडलेली रायफल घेऊन मेले. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने या कारभारावर कठोर ताशेरे ओढले.

९/ म्हणून ‘स्वस्त’ हा शब्द जपून वापरावा. पोलादी पुंगळीची काडतुसे चालवायची तर चेंबर वारंवार घासून साफ ठेवावे लागते, आकडा व त्याची स्प्रिंग वेळेवर बदलावी लागते, आणि काजळी न काढता लगेच पितळेच्या काडतुसांकडे वळणे टाळावे लागते. अशा स्वस्त काडतुसांत गोळीचे आवरणही बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असते; ते नळी लवकर झिजवते. काडतुसात वाचलेला पैसा काही अंशी नळीत जातोच.

१०/ तरीही भारताने हा विषय बाजूला सारू नये. २०१८ मध्ये तुतिकोरिनचा तांबे कारखाना बंद पडला आणि शुद्ध तांबे निर्यात करणारा देश पाहता पाहता आयातदार झाला. लोखंड मात्र घरचे आहे. खडकी आणि भुसावळजवळचे वरणगाव ही महाराष्ट्राची दोन दारूगोळ्याची ठिकाणे आज म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. संकटकाळी त्यांना पितळ कमी पडले तर काय, हा प्रश्न शांततेतच सोडवायचा असतो.

११/ स्वदेशी रायफलीची चर्चा आपल्याकडे नेहमी नळीपासून सुरू होते आणि काडतुसापर्यंत पोहोचण्याआधीच संपते. इतिहासाचा क्रम उलटा आहे. ज्यांनी पुंगळी, चेंबर आणि आकडा एकत्र आखले, त्यांचे पोलाद चालले. ज्यांनी चालत्या यंत्रात एक घटक परस्पर बदलला, त्यांचे पितळही अडकले. काटकसर आराखड्यात करावी. खरेदीच्या कागदावर केलेल्या काटकसरीची किंमत शेवटी शिपाई मोजतो.